नवं खूळ

आमच्या डिस्पॅच शीटमध्ये ‘स्टेटस’ नावाचा एक कॉलम आहे. सुरुवातीच्या दिवसांत त्या कॉलममध्ये ‘काम उरकलं’ एवढी एकच गोष्ट सात तऱ्हांनी लिहिलेली असायची. झालं. झाले. आयतु. हो गया. ओके. डन. आणि पॅटर्नशॉपमधले एक जण नुसतं ‘हं’ लिहायचे. बेळगावच्या उद्यमबागेतली फौंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, म्हटली की हे आलंच. मोल्डिंगला मराठी, मेंटेनन्सला कानडी, फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, बिहार-ओडिशाकडची पोरं, आणि ऑफिसात आमच्यासारखी माणसं, जी एका वाक्यात तिन्ही भाषा वापरतात. मोल्ड (साचा), कोअर (साच्यातला वाळूचा गाभा), हीट (भट्टीचा एक घाणा), ब्लोहोल (मालात राहिलेलं हवेचं भोक) हे शब्द मात्र सगळ्यांचे एकच. त्यामुळे काय बिघडलं ते सगळ्यांना लगेच कळतं. काय झालं ते कळायची अडचण.

फिल्टर लावला की निम्मा माल गायब व्हायचा. म्हणून मी ठरवलं, लिहायचं नाहीच, यादीतून निवडायचं. आता यादीत शब्द कुठल्या भाषेतला ठेवायचा? यावर आमच्याकडे एक अख्खी मीटिंग झाली. बेळगावात पाटी कुठल्या भाषेत लावायची हा प्रश्न १ नोव्हेंबर १९५६ पासून पडून आहे. महाराष्ट्र २००४ मध्ये त्यासाठी सुप्रीम कोर्टात गेला, तरी तो पडूनच आहे. माझ्या ड्रॉपडाउनमध्ये तो सुटेल असं मला वाटलं नव्हतं, खरंतर. शेवटी मी शब्दच काढून टाकले आणि रंग ठेवले. हिरवा म्हणजे झालं, पिवळा म्हणजे चाललंय, लाल म्हणजे राहिलं. कुणाचीच हरकत नाही. त्या संध्याकाळी रेल्वेच्या तिसऱ्या गेटला फाटक पडलं होतं, पाऊस होता, स्कूटरवर भिजत उभी होते, आणि तरी मनातल्या मनात हसत होते.

हा आनंद मला नेहमी होतो. नवीन काही हाताशी आलं, त्याचं ते कोरं पान उघडलं, ‘तुमच्या टीमला बोलवा’ असं बटण दिसलं, की मला दिवाळीच्या आदल्या दिवसासारखं वाटतं. नवरा याला खूळ म्हणतो. ‘या महिन्याचं कुठलं?’ असं विचारतो. घरच्या किराणाची यादीही मी एकदा अशा एका ॲपवर टाकून सगळ्यांना बोलावलं होतं. सासूबाई आल्या, ‘कोथिंबीर’ एवढं लिहिलं आणि परत कधी फिरकल्या नाहीत. कोथिंबीर अजून तिथं असेल.

मी २००० साली प्लॅनिंगला लागले तेव्हा भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर आजच्या हीट, उद्याची गाडी, कुणाचं किती बाकी. खडूची पांढरी धूळ आणि फौंड्रीच्या वाळूची काळी धूळ मिळून त्या खोलीत सगळ्यावर एक राखाडी थर असायचा. टेबलावर, फायलींवर, चहाच्या बशीवर. फळ्याचा गुण असा की अक्षरावरून माणूस कळायचा. हा सात मोडका आहे म्हणजे सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरनं लिहिलाय. पुसलेलं अर्धवट दिसायचं, म्हणजे आधी काय ठरलं होतं आणि नंतर काय झालं हेही वाचता यायचं. दोष एकच. वाचायला फळ्यासमोर उभं राहावं लागायचं. आमचं कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, जायचं कोल्हापूरला, शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या मशीनशॉपमध्ये. तिथून दिवसातून दहा फोन, ‘फळ्यावर काय लिहिलंय सांगा हो जरा.’ मग मी रिसीव्हर टेबलावर ठेवून फळ्यापर्यंत जायची आणि परत यायची.

कॉम्प्युटर आला आणि फळा गोदामात गेला. त्याच्या जागी आली एक एक्सेलची फाइल. या काळाबद्दल मला काही प्रेमानं लिहिता येत नाही. एका वेळी एकाच माणसानं उघडायची. दुसऱ्यानं उघडली तर ‘फक्त वाचा’. सकाळी अकराच्या सुमाराला ऑफिसभर एकच आरोळी: ‘कुणी उघडून ठेवलीय?’ आणि ज्यानं उघडून ठेवलेली असायची तो कँटीनमध्ये. मग लोक कॉपी काढू लागले. डिस्पॅच फायनल. डिस्पॅच फायनल नवीन. डिस्पॅच फायनल नवीन हेच बघा. एकदा मी ‘हेच बघा’ न बघता ‘नवीन’ बघितली आणि दोनशे नग पंप कव्हर कोल्हापूरला धाडले, जे त्यांनी रद्द करून चार दिवस झाले होते. शंभर-सव्वाशे किलोमीटर गेले, तेवढेच परत आले. गाडीवाल्यानं परत आल्यावर विचारलं, ‘मॅडम, फिरवून आणायचं होतं काय?’

म्हणून तो दिवस मला अजून तारखेसारखा आठवतो, तारीख आठवत नसली तरी. गूगलनं ऑनलाइन स्प्रेडशीट काढली २००६ मध्ये, आमच्यापर्यंत यायला तीन वर्षं लागली. शिरोलीच्या मशीनशॉपचे प्लॅनर फोनवर होते. ते म्हणाले, ‘लिंक उघडा आणि तिसऱ्या ओळीत बघा.’ मी बघत होते. खाना रिकामा होता. त्याच्याभोवती एक जांभळी चौकट आली आणि माझ्या देखत त्यात १४० उमटलं. मी काही केलं नव्हतं. माझे हात मांडीवर होते. मी शेजारच्या खान्यात ‘दिसलं’ लिहिलं, आणि फोनमधून त्यांचं हसू ऐकू आलं. दोन राज्यं, मध्ये दूधगंगा-वेदगंगा, कोगनोळीचा नाका, आणि एकाच कागदावर दोघांची बोटं. त्या आधी इतकी वर्षं आम्ही रोज बोलत होतो, पण ते माझ्या शेजारी बसलेत असं त्याच दिवशी पहिल्यांदा वाटलं.

यातली खुबी मला नंतर कळली, आणि कळल्यावर आणखीच आवडली. समजा मी वर एक नवीन ओळ घुसवली आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्ही पाचव्या ओळीत आकडा टाकलात. तुमचा आकडा आता सहाव्या ओळीत गेला पाहिजे, नाहीतर तो भलत्याच कास्टिंगच्या नावावर पडेल. म्हणजे मशीननं नुसतं ‘काय लिहिलं’ पाठवून भागत नाही. ‘तुम्ही लिहीत असताना दुसऱ्यानं काय केलं’ याचा हिशेब धरून तुमची कृती सरकवून घ्यावी लागते. एलिस आणि गिब्ज या दोघा संशोधकांनी ही युक्ती १९८९ मध्ये मांडली. आणि एकाच पडद्यावर दोन ठिकाणच्या माणसांनी काम करायचं, हे तर डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकानं ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत हजारभर लोकांसमोर करून दाखवलं होतं, माउससकट. म्हणजे आम्ही कँटीनमध्ये गेलेल्या माणसाच्या नावानं आरोळ्या मारत होतो, तेव्हा हे सगळं कुठंतरी तयार पडून होतं. दोनशे पंप कव्हरांचा तेव्हापासून मला जास्तच राग येतो.

सगळीच खुळं अशी फळाला आली नाहीत. त्याच वर्षी गूगल वेव्ह निघालं, एकाच पानावर सगळ्यांनी मिळून बोलायचं आणि लिहायचं. आमंत्रण असल्याशिवाय आत जाता येत नसे. पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याच्या मागं लागून मी आमंत्रण मिळवलं. आत गेले तर तिथं कोण? भाचा. आपण एक अक्षर टाइप केलं की समोरच्याला ते त्याच क्षणी दिसायचं, खोडलं तरी दिसायचं. ‘कसा आहेस’ मधला ‘क’ पडायच्या आत तो ‘बरा’ लिहायला लागायचा. दोन दिवसांत आमचं बोलणं संपलं. लग्नाची तारीख चुकून दुसऱ्याच दिवशी कार्यालयात नटूनथटून जावं, तसं झालं माझं. ऑगस्ट २०१० मध्ये गूगलनं ते बंद करत असल्याचं सांगितलं तेव्हा फौंड्रीत वाईट वाटलेली मी एकटीच असेन.

मग कार्डांचा बोर्ड. ट्रेलो २०११ मध्ये आलं, आणि त्याच्यासारखी पुष्कळ आली. डावीकडे ‘करायचंय’, मध्ये ‘चाललंय’, उजवीकडे ‘झालं’. कामाचं कार्ड बोटानं धरून इकडून तिकडं सरकवायचं. मला वेडच लागलं. कार्ड सरकवताना एक बारीक सुख मिळतं, लोणच्याची बरणी पुसून फळीवर ठेवल्याचं. याला कानबान म्हणतात असं तिथं लिहिलं होतं, आणि मला हसू आलं. कानबान ही कारखान्याचीच चीज. टोयोटात ताइइची ओनोंनी ती बसवली; जपानीत अर्थ पाटी किंवा फलक. डब्यातला माल वापरायला घेतला की त्यावरचं कार्ड मागं जातं, आणि कार्ड आलं तरच मागचा माणूस पुढचा माल बनवतो. एवढंच. आमच्याकडेही प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं कार्ड प्रत्येक क्रेटबरोबर फिरतंच. सॉफ्टवेअरवाल्यांनी ते शॉपफ्लोअरवरून उचललं, काचेवर लावलं आणि माणशी महिन्याला इतके असं म्हणत आम्हालाच परत विकायला आणलं.

मोल्डिंगच्या मेस्त्रींना मी मोठ्या उत्साहानं दाखवलं. त्यांनी माझं सरकवणं दोन मिनिटं बघितलं. म्हणाले, ‘छान आहे मॅडम. खरं हे सरकवून कास्टिंग सरकत नाही बघा.’

तीन महिन्यांत बोर्ड मेला. तेव्हा मी लोकांवर चिडले होते, यांना नवीन काही नकोच, वगैरे. आज वाटतं, दोष माझाच होता. कार्ड सरकवायचे मेस्त्री, आणि ते बघून खूश व्हायचे आम्ही ऑफिसातले. मेस्त्रींना त्यातून काय मिळत होतं? हातमोजा काढा, हात पुसा, फोनचं कुलूप उघडा, कार्ड शोधा. फुकटची एक शिफ्ट.

पण रंगांच्या शीटचं तसं झालं नाही. ती मेस्त्रींनी मनापासून भरली, कारण त्यात त्यांचा स्वार्थ होता. पूर्वी रात्रपाळीला त्यांना ऑफिसातून, मालकांकडून, कोल्हापूरहून असे सगळीकडून फोन. ‘हीट झाली काय? ओतलं काय?’ शीटमध्ये रंग भरला की फोन येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मग त्यांच्याइतकं वेळच्या वेळी कुणीच भरेना.

मालकही फोन न करता शीटच उघडू लागले. त्यांनी कधी लॉगिन केलं नाही, नुसत्या लिंकवरून यायचे. अशा पाहुण्याला गूगल एखाद्या प्राण्याचं नाव देतं. त्यामुळे वरच्या कोपऱ्यात अनोळखी कासव किंवा अनोळखी कोल्हा दिसला की ऑफिसात सगळे जरा सरळ बसायचे. ‘आज काय झालेत?’ ‘पाणघोडा.’ मालकांना हे अजून माहीत नाही.

आणि एका सकाळी येऊन बघते तर रात्रीची शीट सगळी उलटी. ओतलेलं सगळं लाल, न ओतलेलं सगळं हिरवं. कोल्हापूरनं हिरवं बघून दोन गाड्या पाठवायच्या ठेवल्या होत्या. मी तरातरा खाली गेले. मेस्त्री घरी जायच्या तयारीत, मानेवर टॉवेल. मी आवाज चढवूनच विचारलं. ते आधी काही बोललेच नाहीत. मग बाजूला घेऊन म्हणाले, ‘तुम्ही यादी बदललात काय?’

बदलली होती. आदल्या दिवशी यादी ‘नीट’ लावावी म्हणून मी लाल वर घेतला होता आणि हिरवा खाली. मेस्त्री इतके महिने रंग बघतच नव्हते. पहिला म्हणजे झालं, तिसरा म्हणजे राहिलं, एवढं धरून चालले होते. ‘मला ते दोन्ही एकसारखंच दिसतंय ओ. लहानपणापासून. सांगून काय करायचं?’

लाल-हिरव्यातला फरक न कळणं बायकांपेक्षा पुरुषांमध्ये पुष्कळ जास्त असतं, हे मी शाळेत शिकले होते. पुरुषांनी भरलेल्या कारखान्यात मी लाल आणि हिरवा यांवरच सगळा कारभार उभा केला होता, आणि भाषेचा प्रश्न सोडवला म्हणून गेटवर भिजत हसत होते. मला जे आधी सुचलं तेच मी बोलून बसले, ‘मग भट्टीतल्या लोखंडाचा रंग कसा बघता?’ मेस्त्री हसले. ‘लोखंड रंगानं नाही, उजेडानं बघायचं असतंय.’ आमच्याकडे पायरोमीटर आहे, वितळलेल्या लोखंडाचं तापमान मोजायचा. १४०० अंशांच्या आसपासचा आकडा तो बरोबर दाखवतो. मेस्त्री आधी लाडलमध्ये, म्हणजे लोखंड ओतायच्या भांड्यात, बघून आकडा सांगतात, मग मीटर बुडवतात. मीटरचा मान राहावा म्हणून.

त्या सुमारास, २०१८ मध्ये, शीटमध्ये चौकोनात बरोबरची खूण करायची सोय नुकतीच आली होती. रंग काढले, चौकोन ठेवला. खूण आहे म्हणजे झालं, नाही म्हणजे नाही. मराठी, कानडी, हिंदी, इंग्रजी कुणाच्याच डोक्यावरून गेलं नाही, कारण शाळेतल्या गुरुजींची बरोबरची खूण सगळ्यांकडे एकच होती. आजही तीच चालते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरानं हायवे बंद पडला. शिरोलीला पंचगंगेचं पाणी रस्त्यावर, यमगर्णीला वेदगंगेचं. आमच्या चार गाड्या बाहेर होत्या. दोन निपाणीच्या अलीकडे, एक तवंदी घाट उतरून थांबलेली, चौथीच्या ड्रायव्हरचा फोनच लागेना. बेळगावातही पाणी शिरलेलं, लाइट नाही. मी घरी अंथरुणावर, मोबाइलवर शीट उघडून बसले होते. काही बदलणार नव्हतं, तरी बघत होते. रात्री एकच्या पुढं चौथ्या गाडीच्या खान्याभोवती जांभळी चौकट आली. शिरोलीचे प्लॅनर. घरचा रस्ता बंद म्हणून ते दोन रात्री ऑफिसातच होते. चौकट तशीच उभी. मीही त्याच ओळीत शेजारी जाऊन थांबले. फोन करता आला असता, पण त्यांची बॅटरी किती असेल कोण जाणे. बऱ्याच वेळानं ‘रिमार्क’च्या खान्यात अक्षरं उमटली.

जेवलात का?

मी खाली लिहिलं, होय. तुम्ही?

बिस्किट.

मग चौकट हलली नाही, माझीही नाही. डोळा कधी लागला कळलं नाही. सकाळी चौथी गाडी सापडली. ड्रायव्हर एका देवळात झोपला होता आणि त्याचा मोबाइल भिजला होता. त्या महिन्याची शीट ऑडिटला गेली तेव्हा ‘बिस्किट’ म्हणजे कुठला पार्ट, असं एका मुलानं विचारलं.

लॉकडाउनबद्दल सगळ्यांनी पुष्कळ लिहिलंय. मी एवढंच म्हणेन की झूमची फुकट मीटिंग चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडायची, हा तिचा सगळ्यात मोठा गुण होता, आणि आम्ही पैसे भरून तो घालवला.

सध्याचं खूळ म्हणजे मीटिंग ऐकून आपोआप टिपण काढून देणारा एआय. मराठी कळतं म्हणे. मागल्या आठवड्यात कोल्हापूरबरोबरच्या मीटिंगला मी तो बसवला. मेस्त्री बोलले, ‘माल उद्या चारपर्यंत देतो, खरं कोअर आज आले पाहिजेत.’ पाच मिनिटांत सगळ्यांच्या मेलवर सुबक टिपण: ‘माल उद्या चार वाजेपर्यंत देणार, हे खरे आहे. कोअर आज आले.’

आता आमच्याकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात. मी लिहिताना ‘पण’ लिहिते, बोलताना तोंडून ‘खरं’च येतं, बेळगावात वाढलेल्या माणसाला त्याला इलाज नाही. एआयनं आमची प्रत्येक अडचण उचलली आणि तिची ग्वाही करून टाकली. ‘गाडी आहे, खरं ड्रायव्हर नाही’ याचं झालं ‘गाडी आहे हे खरे.’ कोल्हापूरहून आभाराचा मेल आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मेस्त्रींना टिपण वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘मग मी आता ‘पण’ म्हणू काय? ह्या वयात?’

नको म्हटलं. सेटिंगमध्ये कुठंतरी आपले शब्द शिकवायची सोय असणार, असतेच. शोधली. सापडली. पहिल्या खान्यात लिहिलं, ‘खरं’. समोर लिहिलं, ‘पण’. सेव्ह केल्यावर खाली आणखी एक रिकामा खाना उघडला. मेस्त्रींनी स्टूल ओढलं, टॉवेलानं हात पुसले आणि माझ्या शेजारी बसले.

‘आता आयतु घाला,’ म्हणाले.